अहो, सोडा!

आमच्या होडीवरचं पहिलं मोठं भांडण एका शब्दावरून झालं, आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

२०२३चा ऑक्टोबर. पावसानं त्या वर्षी हात आखडता घेतला होता, उजनी साठ टक्क्यांच्या आसपास भरून थांबली होती. पळसदेवच्या बाजूला, जिथं माझं माहेर पाण्याखाली आहे त्या सुमाराला, आम्ही नांगर टाकून दशम्या खाल्ल्या. वारं उठायला लागलं म्हणून निघायचं ठरलं. हे पुढं नाळेवर जाऊन नांगराचा दोर ओढायला लागले, मी मागं सुकाणूचा दांडा धरून. चूक अशी की पुढचं लहान शीड आम्ही आधीच चढवून ठेवलं होतं. त्याचा दोर डोलकाठीपाशी अडकला, शिडात उलट्या बाजूनं वारं भरलं आणि होडी आडवी फिरायला लागली. मी ओरडले, "अहो, सोडा!"

यांनी सोडलं. शिडाचा दोर नव्हे, हातातला नांगराचा दोर.

वाऱ्यानं होडी मागं रेटली जात होती, तसतसा दोर नाळेवरून सळसळत गेला आणि शेवटचं टोक बिळात शिरणाऱ्या सापाच्या शेपटीसारखं पाण्यात गडप झालं. ते टोक होडीला बांधून ठेवायचं असतं. हे लहान मूलही सांगेल. यांनी पंधरा वर्षं नौदलात काढलीत.

"सोडा म्हणालीस, सोडला," हे म्हणाले.

घरी बारामतीला पोचेपर्यंत पुढं एक शब्द नाही. रात्री भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं की चूक माझ्या शब्दाची होती. मराठीत 'सोडा'चे अर्थ किती! हातातलं सोडा. नाद सोडा. जाऊ द्या, सोडा. आणि काठावर उभं राहून कुणी "होडी सोडा" म्हटलं तर निघा. शिवाय 'सोडा' हा मान देऊन केलेला हुकूम. 'सोड' म्हटलं असतं तर अर्ध्या श्वासात काम झालं असतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात ज्यांना एकदाही 'तू' म्हटलं नाही, त्यांना भर वाऱ्यात कसं म्हणणार? आधी 'अहो', मग काय सोडायचं ते, मग 'सोडा'. एवढं वाक्य पुरं होईपर्यंत वारं थांबत नाही. यांनी मला "अगं, वळव" म्हणायचं आणि मी यांना "अहो, तेवढा दोर जरा सैल सोडता का" म्हणायचं, अशी आमची होडी. बारामतीच्या ओसरीवर हे शोभतं.

होडी आमच्याकडं आली ती यांच्या हौसेनं. हे नौदलात आर्टिफिसर, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेले, म्हणजे जहाजाच्या पोटातली माणसं. डेकवर वारं कुठून वाहतंय याच्याशी यांचा संबंध नाही, पण मशीन कुठं खोकतंय ते झोपेतही कळतं. पुढं साखर कारखान्यात नोकरी, तिथंही तेच. निवृत्तीनंतर मुंबईहून एक जुनी एकोणीस फुटी फायबरची होडी घेतली. ट्रकवर घालून खंडाळ्याचा घाट चढवून आणली तेव्हा भिगवणच्या चौकात गर्दी जमली होती, लोकांना वाटलं कुणाच्या तरी निवडणुकीचा देखावा आहे. एक डोलकाठी, दोन शिडं, दोघांना वाकून झोपता येईल एवढी केबिन. मधोमध एक जड फळी आहे, ती दोरीनं वर घेता येते. फळी खाली सोडली की चार फूट पाणी लागतं, वर घेतली की फूटभर पुरतं. मागच्या फळीवर डाव्या अंगाला सहा हॉर्सपॉवरचं जुनं मशीन. ते डाव्या अंगाला आहे हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

परवानगीसाठी किती खेटे घातले ते सांगत नाही. त्यातून कुणाचं मनोरंजन होण्यासारखं नाही.

मी इंदापूर तालुक्यातलीच. धरण भरलं तेव्हा, १९८०च्या आगेमागे, मी सतरा-अठराची होते. गाव वर सरकलं, मळा आणि विहीर खाली राहिली. त्यामुळं या पाण्यात यांना जिथं फक्त पाणी दिसतं तिथं मला बांध, गाडीवाट आणि चिंच दिसते. हे मोबाइलवर नकाशा उघडतात, त्यात निळा रंग असतो. समुद्राला खोलीचे तक्ते असतात, उजनीला माझी आठवण आहे. "इथं डावीकडं घेऊ नका, खाली विहिरीचं थारोळं आहे," असं मी म्हणाले तेव्हा हे हसले होते. तासाभरानं फळी दगडाला घासली. त्यानंतर हसले नाहीत.

उजनीचं पाणी तरी कुठं एका जागी राहतं? धरण एकशे सतरा टीएमसीचं, पण त्यातलं जवळजवळ चौसष्ट टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून आमच्याकडं धरण शून्याच्याही खाली जातं. "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य दर उन्हाळ्यात वडाप जीपमध्ये ऐकू येतं. शून्य ते शंभर टक्के यांत उंचीचा फरक जेमतेम सहा मीटर, पण पात्र उथळ आणि पसरट, त्यामुळं काठ मैल मैल सरकतो. दिवाळीत जिथं आम्ही होडी लावतो, तिथं मे महिन्यात शेळ्या चरतात. नवराबायकोला ओळखीचं पाणी म्हणून काही मिळतच नाही, दर दोन महिन्यांनी नव्यानं ओळख करून घ्यायची.

तर भांडणानंतरची गोष्ट. आम्ही दोघं बराच काळ एका चुकीच्या वाटणीनं होडी चालवत होतो. सुकाणू आणि मशीन यांच्याकडं, कारण हे नौदलातले, आणि पुढं नाळेवर मी, कारण कुणीतरी पुढं जायलाच हवं. काठाजवळ आमचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे एक निळा प्लास्टिकचा ड्रम, त्याला खाली काँक्रीट भरलेला ट्रॅक्टरचा टायर बांधलेला. परत आलं की तो ड्रम धरायचा. मी शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी घेऊन पुढं ओणवी, हे मागं मशीनवर. ड्रम हातात आला की दीड टनाची होडी आणि माझे दोन हात. खांदा दोनदा निखळता निखळता वाचला. भांडणाच्या दिवशी जागा बदलल्या होत्या त्या केवळ माझा खांदा दुखत होता म्हणून. दोर बुडाला तेव्हा दोघांनाही वाटलं, बघा, जागा बदलल्या आणि घोटाळा झाला.

उलगडा केला तो काळठणच्या काठावरच्या एका भोई बाईनं. ती आणि तिचा नवरा संध्याकाळी जाळी सोडतात आणि पहाटे ओढतात, मासळी भिगवणला लिलावाला जाते. तिच्या होडीत वल्ही कायम तिच्या हातात. नवरा पुढं उभा राहून जाळं सोडत जातो, थर्माकोलचे तुकडे एकामागून एक पाण्यावर टेकतात, आणि ती होडी इतकी सरळ आणि संथ नेते की जाळ्याला कुठं सुरकुती पडत नाही. वारं पाठीशी असलं की दोन बांबूंवर जुनी ताडपत्री ताणतात, तेव्हाही मागच्या वल्ह्यानं दिशा धरणारी तीच. मला ओणवी होऊन ड्रमशी झटताना ती बरेच दिवस बघत असावी.

"बाई, तुम्ही म्होरं का जाता?" ती एकदा म्हणाली. "मालकास्नी धाडा की. म्होरं ताकद लागती. हितं नुसतं ध्यान लागतं."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ध्यान देणं एवढं एकच काम मी आयुष्यभर केलं आहे. पंचेचाळीस पोरं आणि मागच्या बाकावरची कुजबूज. तरी सुकाणू पुरुषाचं आणि दोर बाईचा ही वाटणी आम्ही जमिनीवरून तशीच उचलून पाण्यावर आणली होती. मोटारसायकलवर पुढं कोण बसतं त्यावरून होडीत मागं कोण बसायचं ते ठरलं होतं. बारकाईनं पाहिलं तर सुकाणू धरायला बळ लागतच नाही, बोटांच्या टोकांनी दांडा धरता येतो, आणि आवळून धरला तर उलट होडी काय सांगते ते कळत नाही. नांगर ओढायला मात्र पाठ आणि दंड लागतात. शिडाचा दोर ताणायला लागतात. ते यांच्याकडं आहेत, अजून तरी.

यांना पटायला महिना लागला. पटलं असं नाही म्हणता येणार. एक दिवस मुकाट्यानं आकडी घेऊन पुढं गेले.

मग खुणा ठरवल्या. होडीवर आवाज पुढून मागं येतो, मागून पुढं जात नाही, वारं बहुतेक समोरूनच असतं. त्यातून मशीन चालू असलं तर संपलंच. म्हणून हात. उघडा पंजा म्हणजे गिअर काढ. मूठ म्हणजे आहे तशी ठेव. तर्जनी गोल फिरवली की मशीन चालू कर. यात 'अहो' नाही, 'अगं' नाही, मान नाही, अपमान नाही. सर्वांत जास्त गोंधळ झाला तो बोट दाखवण्यावरून. हे डावीकडं बोट दाखवायचे, मी होडी डावीकडं वळवायचे, ड्रम होडीखाली. यांना म्हणायचं असायचं की ड्रम डावीकडं आहे. मला वाटायचं डावीकडं वळ. आता नियम असा की बोट नेहमी वस्तू दाखवतं. होडी कुठं न्यायची ते जिच्या हाती दांडा ती ठरवेल. या नियमानं आमचा संसार जितका सुधारला तितका कुठल्याही कीर्तनानं सुधारला नसेल.

होडीला ब्रेक नसतो, ही गोष्ट स्कूटर चालवलेल्या माणसाच्या अंगात उतरायला वेळ लागतो. ड्रमकडं यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वारंच थांबवतं. दोन होड्यांच्या लांबीएवढं अंतर राहिलं की गिअर काढायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत कठीण. वाटतं, पोचत नाहीये, थोडा रेटा देऊ. दिला की ड्रम मागं गेलाच. न पोचणं बरं, फिरून परत येता येतं. जोरात पोचणं वाईट.

शिडावर येऊन ड्रम धरायला मला दीड वर्ष लागलं. मोठं शीड सैल सोडून, ते नुसतं फडफडत ठेवून, उरलेल्या वेगावर तरंगत यायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा यांनी आकडीनं ड्रम उचलला आणि मागं वळून पाहिलं. काही बोलले नाहीत. खुणेतली मूठ दाखवली. आहे तशी ठेव.

शिडाचा आणि मशीनचा आमच्या घरात जुना वाद आहे. वारं पडलं की यांचा हात मशीनच्या दोरीकडं जातो. मला बसून राहायचं असतं. थंडीत सकाळी कुंभारगावच्या बाजूला पाणी आरशासारखं असतं, लांब उथळात रोहित पक्षी ओळीनं उभे असतात, तिथं मशीन लावणं म्हणजे देवळात हॉर्न वाजवणं. मी यांना लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याबद्दल सांगितलं. त्यांनी साडेसात मीटरसुद्धा लांबी नसलेल्या, स्वतः बांधलेल्या लाकडी होडीतून वर्षानुवर्षं जगभर प्रवास केला, आणि त्या होडीला इंजिनच नव्हतं. लिन उंचीनं जेमतेम पाच फूट. हे म्हणाले, "त्यांना संध्याकाळी बारामतीला दूध गरम करायला परतायचं नव्हतं."

तेही खरंच आहे. डिसेंबरात सूर्य बुडता बुडता वारं पडतं ते सकाळीच उठतं, आणि अंधारात जाळ्यांमधून वाट काढायची तर मशीन हवं. मशीनला मी नावं ठेवते, पण त्याची भाषा यांना येते ही माझी अर्धी झोप आहे. थंड पाणी आत ओढून ते बाजूनं बारीक धारेनं बाहेर टाकत राहतं, ती धार बघत राहायची. काठावरची पोरं या धारेला जे म्हणतात ते मी शाळेत असते तर ऐकून घेतलं नसतं. एकदा मी पुढं बघत होते, हे केबिनमध्ये पडले होते, आणि झोपेतून ओरडले, "बंद कर, पाणी येत नाही." धार खरंच थांबली होती. खाली जलपर्णी अडकली होती. पुण्याची सगळी घाण मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येते, तिच्यावर ही पोसते. यांनी आडवं पडल्या पडल्या आवाजातला फरक ऐकला होता. मी त्याच मशीनपासून चार फुटांवर होते.

मशीन चालू असताना आमचं बोलणं बंद होतं, यांचे कान तिकडं असतात. शीड असलं की बोलणं सुरू होतं. माझा हट्ट यातूनच आलाय, हे मी यांना सांगितलेलं नाही.

पण सर्वांत चांगलं चालतं ते दोन्ही एकदम. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, जुलैनं शिकवलं. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं आणि पाण्याचा पसारा साधारण पश्चिमेकडून आग्नेयेला. जाताना पाठीशी वारं, मजा. येताना तोंडावर. उथळ पाण्यात लाट उंच नसते पण आखूड आणि उभी असते, एक संपायच्या आत दुसरी. नुसत्या मशीनवर आलं तर होडी प्रत्येक लाटेवर आपटते, मागचा भाग उचलला जातो, पंखा हवेत गरगरतो आणि मशीन किंचाळतं. नुसत्या शिडावर आलं तर नागमोडी जावं लागतं, कारण आमची होडी वाऱ्याच्या तोंडाच्या पंचेचाळीस अंशांपेक्षा जवळ जात नाही, आणि प्रत्येक वळणावर लाट तिला थांबवते. मोठं शीड आखडून अर्धं ठेवायचं, घट्ट ताणायचं आणि मशीन हळू चालू ठेवायचं. शीड होडीला एका अंगावर दाबून स्थिर ठेवतं, मशीन तिला लाटेतून पुढं काढतं, आणि मग पंचेचाळीसच्या ऐवजी तीस अंशांनी चढता येतं. यांची अर्धी आणि माझी अर्धी. फक्त होडी कलायला हवी ती डाव्या अंगावर, म्हणजे पंखा पाण्यात खोल राहतो. उजवीकडं कलली की डाव्या कडेचं मशीन वर निघतं. म्हणून आम्ही एका बाजूचा लांब टप्पा शीड-मशीन दोन्हीवर घेतो, दुसऱ्या बाजूचा आखूड टप्पा नुसत्या शिडावर. एका घरात दोन सुना नांदाव्यात तसं जमवून घ्यावं लागतं.

शीड आखडण्याचाही नियम आहे. दोघांपैकी कुणालाही वाटलं की आखडावं, तर दुसऱ्यानं 'का' विचारायचं नाही. सुरुवातीला मी विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत वारं दुप्पट झालेलं असायचं. आता जो जास्त घाबरलेला त्याचं ऐकायचं. बहुतेक वेळा मीच असते. दोनदा हे होते.

२०२४च्या ऑक्टोबरात दिलना आणि रूपा या नौदलातल्या दोन लेफ्टनंट कमांडर गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतल्या. सतरा मीटरची होडी, फक्त दोघी, आठ महिने. हे रोज बातम्यांत त्यांचा ठावठिकाणा शोधायचे, डोळे भरून यायचे यांचे. मी वेगळाच विचार करायची. रात्री एक झोपली की दुसरी एकटी. दोघी असूनही एका वेळी एकटीच. म्हणजे प्रत्येकीला सगळं यायला हवं. आम्हाला नाही येत. मला मशीनची फुटलेली पिन बदलता येत नव्हती, यांना शिडावर होडी वाऱ्यात थोपवून उभी करता येत नव्हती. गेल्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांची शिकवणी लावली. पुढचं शीड उलटं ताणून आणि सुकाणू विरुद्ध बाजूला बांधून ठेवलं की होडी कुठं न जाता शांत डुलत राहते, मधल्या पाण्यात चहा करता येतो. यांना ते जमलं तेव्हा यांनी चहाही स्वतः केला. मी पिन बदलायला शिकले ते बाभळीच्या बुडालेल्या खोडावर पंखा आपटल्यावर, वाकलेल्या खिळ्यानं ती ठोकून काढून. बोट ठेचलं.

एकटेपणाचा खरा हिशेब पाण्यात पडलेल्या माणसाचा. ब्याऐंशी किलोचा नवरा पडला तर? वळून त्याच्यापर्यंत जाणं जमतं, रिकामा पेट्रोलचा कॅन टाकून पन्नासदा सराव केलाय. वर घेणं जमत नाही. उन्हाळ्याच्या एका सकाळी हे कपड्यांनिशी उतरले आणि मला म्हणाले, ओढ. मी काखेत हात घालून ओढलं, दोर गुंडाळून ओढलं, रडकुंडीला आले. हे खाली पाण्यात हसत होते आणि मला फार राग आला. शेवटी एका दोराला मोठा फास मारून तो मागच्या फळीवरून लोंबता ठेवला, पायरीसारखा पाय घालून माणूस स्वतः चढतो. तो फास आता कायम तिथं असतो. बेशुद्ध पडला तर काय करायचं, त्याला आमच्याकडं उत्तर नाही. म्हणून होडीवर पाय ठेवायच्या आधी जॅकेट, दोघांनाही, कितीही उकडत असलं तरी.

हा नियम कडक झाला तो २१ मे २०२४नंतर. त्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून आमच्या कळाशीला येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. आमची होडी तेव्हा गाळात बसलेली, आम्ही बारामतीत. दोन दिवस शोध चालला. त्या पाण्यावरून लोक हौसेनं जात नाहीत. कुगाव-कळाशी होडीनं काही मिनिटांचं, रस्त्यानं मोठा वळसा. धरणानं दोन तालुक्यांतली सोयरीक तोडली, तिला होडीनं सांधलं होतं. आता शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झाला आहे. त्याच्याखालून आमची डोलकाठी जाईल का, असं यांनी विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही.

वळवाचं वारं मी त्याआधीही ओळखत होते, पण अंगावर घेतलं पुढच्या वर्षी एप्रिलात. चारचा सुमार. आग्नेयेला ढग काळा होत चालला आणि वारं एकदम पडलं, पाणी तेलासारखं. भोई लोक अशा वेळी काही न बोलता वल्ही मारायला लागतात. आम्हीही बोललो नाही. यांनी मोठं शीड उतरवून बूमला बांधलं, मी मशीनची दोरी ओढली. पलीकडच्या काठावर धुळीचा पडदा उठलेला दिसत होता. काठ अर्ध्या किलोमीटरवर असताना मशीन धडपडून बंद पडलं. पंख्यात जाळं. थर्माकोलचे तुकडे मला दिसायला हवे होते, मी धुळीकडं बघत होते.

मी दांडा सोडला नाही, नुसता उघडा पंजा वर केला. हे आधीच पुढं पोचले होते. नांगर सोडला, दोर हातातून हळूहळू देत गेले, खोलीच्या सहापट तरी दिला, आणि मग दोन फेरे टाकून धरला. टोक होडीला बांधलेलं होतं. मला इथूनही ती गाठ दिसत होती. पहिला झोत आला तेव्हा होडी गर्रकन फिरून वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली, आणि मग चाळीसएक मिनिटं गारा, पाणी, आणि दोर तारेसारखा ताठ. केबिनच्या दारात आम्ही दोघं मांडी घालून बसलो. मी काठावरची एक बाभूळ धरून ठेवली होती, नजरेनं. ती जागची हलली नाही म्हणजे आम्ही हललो नाही.

थांबल्यावर यांनी जाळं कापायला चाकू काढला आणि परत ठेवला. कुणाच्या तरी आठवड्याची कमाई. टॉर्चच्या उजेडात पंख्याभोवतीचा गुंता सोडवायला दीड तास लागला, फाटलं तेवढं दुसऱ्या दिवशी काठावर विचारत जाऊन भरून दिलं.

त्या दिवशी ज्यानं आम्हाला धरलं तो नांगर माहेरात बुडालेलाच होता. तो परत कसा आला ते सांगते.

२०२४च्या मे महिन्यात उजनी उणे साठच्या जवळ पोचत होती. पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं होतं, लोक गाड्या घेऊन बघायला येत होते. हे म्हणाले, चल, नांगर शोधू. मी म्हणाले, कसा सापडेल. पण चपला हातात घेऊन आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत निघालो. गाडीवाट ओळखू आली. थारोळं ओळखू आलं. चिंचेचं खोड आमच्या चौथीच्या वर्गाएवढं वाटायचं, ते जेमतेम कमरेएवढं होतं. पुढं हिरवं दिसलं. पाणी सरकलं की लोक उघड्या जमिनीत गाळपेर करतात, तिथं कुणी कलिंगडं लावली होती. वावराच्या कडेला एक म्हैस बांधलेली, आणि ती ज्याला बांधली होती तो आमचा नांगर, एक पातं जमिनीत रुतवलेलं. दोर कापून त्याची दावी केलेली.

झापाखाली एक म्हातारी बसली होती.

"आजी, हा नांगर आमचा आहे," हे म्हणाले.

तिनं यांच्याकडं बघितलं, मग नांगराकडं. "ह्यो नांगर?" ती म्हणाली. "ह्यानं काय नांगरता?"

मी हसायला लागले ते थांबेनाच. हे गंभीरपणे समजावू लागले, की होडी असते, ती वाऱ्यानं जाते, ती थांबवायला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हस दुपारची पान्हवली की न्या. तवर कलिंगड खावा.

आम्ही विहिरीच्या थारोळ्यावर बसून कलिंगड खाल्लं. उन्हं कलली तेव्हा तिनं म्हशीला खुंट्याला नेलं आणि यांना हाक मारली. नांगर घट्ट बसला होता. हे वाकून दोन्ही हातांनी ओढत होते, मी दुसऱ्या बाजूनं पातं धरलेलं. हलेना. म्हातारी मागून काहीतरी सांगत होती, वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं. यांनी माझ्याकडं बघून मूठ दाखवली. मी धरून ठेवलं.